कट्ट्यावरचा पेट्रोल-कर

जगदीश ताम्हाणेची उभी हयात भोईवाड्याच्या कोर्टात लोकांना पुढच्या तारखा देण्यात गेली, त्यामुळे कुठलंही भांडण मिटवायची त्याला कधीच घाई नसायची. शरदचंद्र विजयकरशी त्याचं भांडण तर शाळेपासूनचं. दोघं दादरच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. पुढे शरदचंद्र तेल कंपनीत साहेब झाला आणि शिवाजी पार्कासमोरच्या वडिलोपार्जित फ्लॅटात राहिला. जगदीश कारकून झाला आणि भोईवाड्याच्या चाळीतच राहिला. निवृत्तीनंतर रोज सकाळी दोघं पार्काच्या कट्ट्यावर मांडीला मांडी लावून बसायचे आणि एकमेकांची अक्कल काढायचे. बायको गेल्यापासून जगदीशला दिवसभरात जिवंत माणसाशी बोलायची तेवढी एकच वेळ होती.

यायचा तो जुन्या स्कूटरवरून. एकदा पडल्यापासून खुब्यात धातूची पट्टी. बसची पायरी चढवत नव्हती आणि टॅक्सी पेन्शनीत बसत नव्हती.

शरदचंद्रचा सिद्धांत असा की, माणसाला अक्कल डोक्यातून येत नाही, खिशातून येते. पेट्रोलनं शंभरी ओलांडली तेव्हा अख्खी मुंबई बोंबलत होती आणि हा गृहस्थ पेढे वाटायचाच काय तो बाकी होता.

"अजून कर लावायला पाहिजे. दीडशे करा, मग बघा लोक कसे पेट्रोल वाचवतात!"

"दोनशे कर रे शऱ्या," जगदीश म्हणायचा. "तुझं काय जातंय? रस्ता ओलांडला की तुझं घर. तुझी गाडी म्हणजे तुझी चप्पल."

"मी चालतो म्हणून तुझ्या पोटात दुखतं."

"चालतोस कुठला? लिफ्टनं उतरतोस."

मग कट्ट्यावरच्या मंडळीतले सगळ्यात वयस्कर नाना दोघांच्या हातात चहाचे कप कोंबायचे. तोंडं तेवढ्यापुरती बंद.

यंदा संक्रांतीला तिळगूळ देता देता शरदचंद्रनं जाहीर केलं की, सरकारची वाट कशाला बघायची, कट्ट्याचा स्वतःचा पेट्रोल-कर सुरू करू. गाडीनं येणाऱ्यानं रोज पन्नास रुपये द्यायचे, स्कूटरवाल्यानं दहा, पायी येणाऱ्याला माफ. जमलेल्या पैशांतून पावसाळ्यात झाडं लावायची. झाडांना नाही कोण म्हणणार? भराभर हात वर झाले. शरदचंद्रनं तर रस्ता ओलांडून आलेल्या माणसाच्या अधिकारानं दोन्ही हात वर केले.

"अरे, मी काय हौसेनं पेट्रोल जाळतो?" जगदीश तडकला. "पाय दे तुझा, उद्यापासून चालत येतो."

"तत्त्वाला अपवाद नसतो, जग्या. एकाला सूट दिली की कर मेला."

कराचा पहिला गुण आला तो विक्रांतला. हा लालबागचा इंटिरियरवाला, कट्ट्यातला सगळ्यात तरुण, म्हणजे पन्नाशीचा. गाडी त्याची एवढी मोठी की तिच्यात बिऱ्हाड थाटावं. पूर्वी तो ती लांब गल्लीत लावायचा आणि चोरासारखा चालत यायचा, कारण ती दिसली रे दिसली की जगदीश ओरडायचा, "आले बघा, गाडीतून चालायला आले!" आता त्यानं महिन्याचे पैसे एकदम टाकले आणि गाडी थेट कट्ट्यासमोर आणून उभी केली. आत ड्रायव्हर एसी लावून पेंगत बसलेला, इंजिन चालू.

"बंद करायला सांग की ते," जगदीश म्हणाला.

"काका, पैसे भरलेत ना!"

"ह्याला म्हणतात करदाता," शरदचंद्रनं विक्रांतची पाठ थोपटली.

विक्रांतचं बघून माहीमहून बसनं येणाऱ्या दोघांनीही गाड्या बाहेर काढल्या. पन्नास रुपये द्यायचे, त्यात वर मानही मिळतो, मग बसमध्ये कोण लोंबकळणार? पूर्वी एक गाडी यायची, आता तीन यायला लागल्या. पेट्रोल वाचवलं ते एकट्या जगदीशनं. दहा रुपये म्हणजे काही दरोडा नव्हता, पण शरदचंद्र ते तळहात पुढे करून मागायचा आणि घेतल्यावर "शाब्बास" म्हणायचा. ते शाब्बास जगदीशला पचेना. तो आधी एक दिवसाआड यायला लागला, मग फक्त रविवारी, मग तेही नाही.

"जग्याची स्कूटर थांबली की नाही? कर लागू पडला," असं शरदचंद्र चारचौघांत म्हणाला. नानांनी ते फोनवर जगदीशला सांगितलं आणि वर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस." म्हणजे लावून घेण्यासारखंच होतं, हे नक्की झालं.

पावसाळा तोंडावर आला तसा नानांचा पुन्हा फोन आला. झाडांची जागा ठरेना, खड्डे कोणी खणायचे ते ठरेना. मग त्या पैशांतून कर्जतला सहल न्यायचं मात्र लगेच ठरलं. तीन गाड्या, पेट्रोल फंडातून.

"पेट्रोल-कराचं पेट्रोल?" जगदीश इतका हसला की त्याला ठसका लागला.

"तुझेही पैसे आहेत त्यात. ये रे. तुझ्याशिवाय शरदशी भांडायला कोणी नाही."

शेवटच्या वाक्यानं तो विरघळला. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गाडी यायच्या कितीतरी आधी चाळीखाली येऊन उभा राहिला.

विक्रांतची गाडी आली. पुढच्या सीटवरून शरदचंद्रनं काच खाली केली.

"चल, बस मागे. तुझ्यासाठी मुद्दाम वळसा घालून आलोय."

"वळशाचं पेट्रोल कोणाच्या खिशातून?"

"फंडातून. एक दिवस तरी गप्प बस, जग्या."

जगदीशनं मागचं दार उघडलं. नाना आत सरकले आणि त्यांनी शेजारची जागा हातानं थोपटली. जगदीशनं दाराला धरून दुखरा पाय उचलला.

"काय रे," शरदचंद्र मान वळवून म्हणाला, "दहा रुपयांसाठी तोंड लपवून बसलास? एवढा भिकारडा कधीपासून झालास?"

कोणी हसलं नाही. नानांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"दार लाव आता," शरदचंद्र म्हणाला. "एसी चाललाय बाहेर."

जगदीशनं पाय खाली घेतला आणि दार लावलं. बाहेरून.

गाडी थोडा वेळ तशीच थांबली. एकदा हॉर्न वाजला. मग ती निघून गेली.

जगदीश मागे फिरला, स्कूटर काढली आणि पार्कात गेला. कट्टा रिकामा होता. तो शरदचंद्रच्या जागेवर बसला आणि मनातल्या मनात त्याला जे जे ऐकवायचं होतं ते सगळं ऐकवलं, शाळेपासूनचं. फार सुरेख जमलं. पलीकडून एकही उत्तर येईना, तेव्हा तो उठला. समोरचा चहावाला म्हणाला, "काका, आज एकटेच?"

"आजपासून," जगदीश म्हणाला आणि त्यानं स्कूटर चालू केली.