सुनेच्या सायकलीचं गाऱ्हाणं

अगो, फोन नीट कानाला लाव बघू, समोर असतीस तर कानच पिरगाळला असता तुझा. डिचोलीत बसून तू काय ऐकलंस, तर तुझ्या या मावशीची सून सायकल घेऊन पळाली! आणि खरं मानलंस? शहाणे, पळायचंच असतं तर चोर्ल्याचा घाट चढून कोण पळेल? पळणारी माणसं उतार बघतात.

आता नीट ऐक, म्हणजे तुझ्या शेजारणींनाही नीट सांगशील.

सून धारगळला शाळेत शिकवते, पंचेचाळिशी गाठलेली बाई. वर्षभर शाळेत सायकलनेच जात होती, तिथवर सगळ्यांना कौतुक. पेट्रोल वाचतं ना! मग एक दिवस जेवताना म्हणाली, "चोर्ल्यावरून बेळगाव, तिथून आंबोली, आणि घाट उतरून घरी. चार दिवस लागतील. आम्ही सहाजण आहोत."

माझा मुलगा माशाचं हुमण भातात कालवायचा थांबला. "कशाला?"

झालं. तो शब्द घरातून निघाला तो अख्ख्या कोरगावात फिरला. आमचा पोदेर वर्षानुवर्षं पावाची टोपली घेऊन चढणीवर सायकल मारतो, त्याला कोणी विचारलं नाही की, बाबा, तुझी प्रेरणा काय? शेजारी बेळगावकडचा गवंडी भिंत बांधत होता, तोसुद्धा वरून म्हणाला, "आम्ही पोटासाठी घाट उतरतो, ताई. तुम्ही कशापायी चढताय?"

बाकीच्या पाचांकडे कारणं तयार होती. एकाला साखर उतरवायची होती. एक निसर्गाशी एकरूप होणार होता; घरामागच्या काजूंत पाऊल टाकत नाही, मुंग्या चावतात म्हणून. एकजण तर स्वतःला शोधायला निघालेला. चाळीस वर्षं आईच्या हातचं जेवतोय, हरवला कधी देव जाणे. आमच्या बाईकडे मात्र कारण नाही. विचारलं की हसायची.

आणि तिथंच घोडं अडलं. आपल्याकडे मोठ्या वाटेला निघायचं तर देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे कारण सांगून देवाकडे मागणं मागायचं, हे तुला ठाऊक आहे. सून देवभोळी. गाऱ्हाणं झाल्याशिवाय वेस ओलांडणार नाही, असं तिनंच सांगून ठेवलेलं. माझा मुलगा आतून खूश होता. त्याला वाटलं, आता देवच अडवील.

निघायच्या आदल्या दिवशी देवळात गेलो. सायकलीला झेंडूची माळ घातली होती. गाऱ्हाणं घालणाऱ्या काकांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि परत उघडले.

"देवाक कारण कितें सांगू?"

"कारण असं नाही, काका. जावंसं वाटतंय," सून म्हणाली.

"तशें कशें? नवस? आजार? पोरांची परीक्षा?"

मुलगा लगेच पुढे. "काका, घराच्या भल्यासाठी म्हणा आणि मोकळे व्हा."

"देवाला खोटं नका सांगू," सून म्हणाली. आवाज बारीक होता, पण हलली नाही. डोळे भरून आले होते. काकांनी नारळ खाली ठेवला. विनाकारण गाऱ्हाणं त्यांनी जन्मात घातलं नव्हतं. पाठीमागे वाडीतली दहा माणसं प्रसादासाठी ताटकळलेली.

मग मी तोंड उघडलं. "काका, मी इतकी वर्षं घरात बसले, त्याचं कारण देवाने मला कधी विचारलं नाही. हिला कसं विचारील? घाला तुम्ही, मी सांगते तसं."

काका माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्यांनी मुकाट नारळ उचलला आणि मी सांगेन तसं म्हणत गेले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक घाट चढासो दिसता, ताका सुखरूप व्हर, सुखरूप हाड!" नेणं नि आणणं, दोन्ही देवावरच टाकलं.

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आणि चार दिस घरच्यांक आपलें जेवण आपूण रांदून वाडून घेवपाची बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझ्या मुलाचा. सवय ना, लहानपणापासूनची! तोंडातून गेलं ते गेलं. आता देवासमोर दिलेला शब्द मागे कसा घेणार?

गेली गो ती. चार दिवस मुलाने भात रांधला, त्यातला एक दिवस तर खाण्याजोगा होता.

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला आली. नाक उन्हाने सोललेलं. पेज प्यायली तीन वाट्या, मग मला हळूच म्हणाली, "आई, चोर्ल्याच्या चढावर मी रस्त्याकडेला बसून रडले. फोन हातात होता. केला असता तर हे गाडी घेऊन धावत आले असते, आणि आनंदाने आले असते. म्हणून नाही केला. उठले, थोडी चालले, मग परत बसले सायकलीवर."

आता सांग, याला कारण म्हणायचं की नाही? मला काही ठरवता येत नाही. त्या स्वतःला शोधायला गेलेल्या माणसाला विचारलं असतं, पण तो पहिल्याच दिवशी घाटाच्या अलीकडे, साखळी गावातूनच टेम्पोत बसून आईकडे परतला.

तू ऐकीव गोष्टींवर बसू नकोस. येत्या रविवारी ये, तिच्या तोंडून ऐक. बसने आलीस तरी चालेल, पण लवकर ये गो, वाट बघते.