उंदरांचं चाक

ओल्या भुशाचा वास आला की चाकणच्या प्रयोगशाळेतला तो प्रसंग आठवतो. म्हातारपणी शरीरातली ऊर्जा कशी घटते, हे तिथे उंदरांवर तपासत. पिंजरे माझ्या मोशीच्या वर्कशॉपमधून जात. म्हातारे उंदीर पळायच्या चाकावर नुसते बसून राहत. मी ते चाक बोटाने फिरवून पाहिलं आणि तिथल्या मुख्य शास्त्रज्ञांना म्हणालो, "साहेब, उंदीर थकला नाही, चाक जड आहे." मी हलकं चाक बनवून दिलं, तसे ते पळू लागले. पुढे प्रयोगशाळा बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर, मीही तिथे बसलेलो असताना, साहेब म्हणाले, "ही चूक मीच पकडली." मी ताडकन उठलो, तर हसून म्हणाले, "हे आमचे पिंजरेवाले भाऊ, जरा तापट आहेत." सगळे हसले. आजही मी तिथे पिंजरे देतो; पण काही चुकताना दिसलं, तरी तोंड उघडत नाही.