नसरीनचा ‘अडलंय’ विभाग

नसरीन गेल्याचं मला तिच्याच खात्यावरून कळलं. आमच्या प्रोग्रामर मंडळींच्या संकेतस्थळावर तिच्या नावानं दोन ओळी आल्या होत्या... लिहिल्या होत्या तिच्या भावानं, इरफाननं. झोपेतच हृदय थांबलं. चाळिशीही गाठली नव्हती तिनं. मी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या आणि अशी न सांगता गेली म्हणून दर वेळी मला तिचाच राग आला.

संकेतस्थळ आम्ही दोघांनी उभं केलेलं. मला टापटीप लागते, म्हणून मी दोनच विभाग आखले होते. कोड मांडायला ‘दाखवा’ आणि दुसऱ्यांकडून पारखून घ्यायला ‘तपासा’. ती मात्र तिसऱ्यासाठी हटून बसली, ‘अडलंय’. मी म्हणालो, त्याचा उकिरडा होईल.

“दादा, चालणारा कोड कुणी बी दाखवतं. अडलेला दाखवायची लाज वाटती लोकायला. त्यायला जागा नको का?”

शिवाय तिचा नियम असा, की तिथं टाकलेलं ज्याचं त्यानंच तिथून हलवायचं. सुटलं की नाही हे ज्याचं अडलं त्यालाच कळतं. बघता बघता सगळ्यात जास्त गर्दी तिथंच होऊ लागली.

यंदा दुष्काळ. शहर चहूकडं वाढतंय आणि नळ कोरडे. उस्मानपुऱ्यातल्या तिच्या गल्लीत टँकरवरून रोज हमरीतुमरी चालायची, म्हणून घराघराला पाण्याची पाळी फोनवर कळवणारा छोटा प्रोग्राम तिनं लिहायला घेतला. पण टँकरला उशीर झाला की शेवटचं घर त्यातून गळायचं. तिनं तो ‘अडलंय’मध्ये टाकला... तेच तिचं शेवटचं लिहिणं.

तिच्या घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा कळलं, ते शेवटचं घर तिचंच होतं. पाळी हुकली की शेजारून घागरभर पाणी मागून आणायची, आणि आम्हाला अवाक्षर बोलली नाही. मला तिथं रडू आवरलं नाही.

पुढं सगळ्यांनी मिळून चूक शोधली, प्रोग्राम चालू लागला. आता तो ‘दाखवा’मध्ये हलवू, असं कुणीतरी म्हणालं. तिचं खातं इरफानकडं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

“राहू दे,” मी म्हणालो. “तिनं ठेवलंय ते.”

अजून तिथंच आहे. परवा तिच्या घरी बसलो असताना खिडकीत ठेवलेला तिचा फोन वाजला. तिच्या अम्मींनी चष्मा लावून वाचलं, ‘नसरीन, तुमची पाळी’... आणि घागर घेऊन त्या बाहेर गेल्या.