शेवटच्या कडव्यातलं नाव

"ही मुलगी शाळेची पायरी चढलेली नाही," सर माईकवर म्हणाले. "हिला अक्षरओळख नाही. पण गळा ऐका. हा मातीचा गळा आहे."

टाळ्या पडल्या.

मी सरांच्या डाव्या हाताला बसले होते. अंगावर सरांच्या बायकोनं दिलेलं जुनं लुगडं. माझी साडी आतल्या खोलीत पिशवीत होती. लुगडंच शोभतं, असं त्या म्हणाल्या होत्या.

बी.ए. होते मी. मराठी आणि अर्थशास्त्र. आमच्या गल्लीत कॉलेजात गेलेली पहिली पोरगी. निकाल लागला त्या दिवशी मायनं बिड्यांचं सूप बाजूला ठेवलं आणि दिवसभर दारात बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची. आणि इथे धंतोलीतल्या हॉलमध्ये, डॉक्टर-वकिलांच्या बायकांपुढे, सरांनी माझी पदवी एका वाक्यात काढून घेतली. मी मान खाली घालून हात जोडले. लोकांना ते फारच आवडलं.

मग मी गायले. माझं गाणं.

पान ओलं, बोट कोरडं, माय वयते बिडी
लोकं चढले माडीवर, मायच त्याईची शिडी

शब्द माझे. चाल माझी. मांडीवर सूप घेऊन बसलेल्या मायच्या हाताच्या तालावर ती चाल बसलेली. आमच्याकडे गाणं बांधणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. जयंतीला गायनपार्ट्या येतात, कव्वालीचे सामने रंगतात, तेव्हा लोक त्या कडव्यासाठी कान देऊन बसतात. नाव आलं की कळलं, गाणं कोणाचं. आमच्या गाण्याला सातबारा नसतो. तेवढं नावच असतं.

शेवटचं कडवं आलं. आणि मी माझ्याच तोंडानं सरांचं नाव घेतलं.

पुन्हा टाळ्या. सरांनी पेटीवरचा हात उचलून छातीला लावला. कार्यक्रम संपल्यावर एक बाई जवळ आल्या. तुझी आई खरंच बिड्या वळते का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "सर किती छान लिहितात ना गं तुमच्याबद्दल."

हे कसं झालं ते सांगते. एका कार्यक्रमात ऐकून सरांनी मला घरी बोलावलं. धंतोलीत बंगला, पुढच्या खोलीत पेटी, तबला, तंबोरा. गाणं शिकवीन, फी घेणार नाही म्हणाले. मुंबईच्या रेकॉर्डवाल्यांशी ओळख होती त्यांची. तुझी तबकडी काढू, म्हणाले. मी दोन वर्षं सायकलनं तिथं गेले. आमच्या वस्तीपासून धंतोली म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक. जे बांधायची ते त्यांना म्हणून दाखवायची. ते पेटीवर सूर काढायचे आणि लिहून घ्यायचे. एके दिवशी शेवटच्या कडव्यातलं माझं नाव जाऊन त्यांचं आलं. मात्रा बसत नाहीत, म्हणाले. मी मात्रा मोजून दाखवल्या. बसत होत्या.

तेव्हा ते हसले. रागावले नाहीत. सर कधीच रागवायचे नाहीत, तीच तर पंचाईत. म्हणाले, "अगं, तुझ्या नावानं गेलं तर हे गाणं तुमच्या वस्तीतच राहील. माझ्या नावानं गेलं तर पुण्यापर्यंत जाईल. तुला गाणं मोठं व्हायला हवंय की तू?"

कॉलेजात वादविवादात बक्षीस मिळवलेली मी. त्या खोलीत गेलं की जीभ टाळूला चिकटायची. पेटी त्यांची, हॉल त्यांचा, ओळखी त्यांच्या. मी बाहेर पडले तर गाणार कुठे? आणि राहिले तर गाणार कोणाचं? रोज सायकलवर हेच डोक्यात. पायडल मारायची आणि पुन्हा त्याच दारात उतरायची.

अक्षरओळखीचं मला नंतर समजलं. ही पोरगी लिहू शकते हे कळलं तर कोणीतरी विचारेल ना, की मग गाणं कोणी लिहिलं? म्हणून मला अडाणी ठेवायचं. दर कार्यक्रमात. माझा अडाणीपणा हाच त्यांचा पुरावा.

लकडगंजात व्यापाऱ्यांच्या एका मंडळानं आमचा कार्यक्रम ठेवला तेव्हा माय ऐकायला आली. आमचा ढोलकीवाला गणपतमामा तिला घेऊन आला. मायनं मला स्टेजवर पहिल्यांदाच पाहिलं. मी गाताना ती ओठ हलवत होती, तिला गाणं पाठ. शेवटच्या कडव्याला तिचे ओठ थांबले.

घरी आलो. तिनं चूल पेटवली, चहा ठेवला. मग पाठमोरीच म्हणाली, "नवऱ्याचं नाव घ्याले बाई लाजते. तू त्या पराया माणसाचं नाव भर सभेत घेऊन राहिली. काहून वं?"

मी म्हटलं, गाणं मोठं होईल. सगळीकडे जाईल.

"मोठं होईल तं कोणाचं होईल?" ती म्हणाली. "म्या जलमभर बिड्या वयल्या. पानं मालकाचे, तंबाकू मालकाचा, म्हणून बिडी मालकाची. ते समजते मले. ह्या गाण्यात त्याचं काय हाय, सांग."

पेटी त्याची, हे उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं. कारण ते उत्तर दिलं असतं तर मी मालकाच्या बाजूनं बोलले असते.

चहा घेऊन आली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुह्या बापानं तुले खांद्यावर बसवून दीक्षा घेतली होती. मान खाली घालाले नाही घेतली." आणि सूप ओढून कामाला बसली.

महिनाभरानं धंतोलीत पुन्हा कार्यक्रम. या वेळी मुंबईचे रेकॉर्डवाले पहिल्या रांगेत. सरांनी मला आत बोलावून बजावलं की आज जपून, आज तुझं नशीब समोर बसलंय. लुगडं पुढे केलं. मी नको म्हटलं. माझ्या साडीवरच बसले. सरांच्या कपाळाला आठी पडली, पण पडदा उघडत होता.

"ही मुलगी शाळेची पायरी चढलेली नाही," सरांनी सुरू केलं.

मी माईक माझ्याकडे वळवला.

"मी बी.ए. आहे," मी म्हटलं. "हे गाणं मी लिहिलं आहे. चाल माझी आहे. ऐका."

हॉलमध्ये कोणी तरी हसलं. गंमत चाललीय असं वाटलं असावं त्यांना. मी सुरू केलं. सरांनी पेटी धरली. सवयीनं धरली असेल. शेवटच्या कडव्यात मी माझं नाव घेतलं. त्याच्यापुढे मायचं घेतलं. पेटीचा सूर तुटला. सरांनी भाता बंद केला होता. गणपतमामानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ढोलकी चालू ठेवली. मग माईक बंद झाला. मी तशीच गात राहिले. मागच्या रांगांपर्यंत पोचलं की नाही, माहीत नाही.

माईक सुरू झाला तेव्हा तो सरांच्या हातात होता. ते हसत म्हणाले, "देवानं गळा दिला, तारतम्य द्यायचं राहून गेलं."

सगळा हॉल हसला. मोकळेपणानं हसला. आतापर्यंत अवघडून बसले होते बिचारे.

आतल्या खोलीत सर एवढंच म्हणाले, "नुकसान तुझंच झालं. आता तुला उभं कोण करणार?"

"मी उभीच होते सर," मी म्हटलं. "तुम्ही बसवलं होतं."

पिशवी घेतली, सायकल काढली. वाटेत कुठे तरी खूप रडले. शूर वगैरे काही वाटत नव्हतं. ती पेटीची खोली पुन्हा दिसणार नाही, याचंच रडू येत होतं. खरं ते लिहिते.

तबकडी निघाली. दुसऱ्या मुलीच्या आवाजात. गाणं माझं, नाव सरांचं. मला कळलं ते जयंतीच्या दिवशी. आमच्याच गल्लीतल्या मांडवात, लाऊडस्पीकरवर. मी नळावर होते. आधी चाल ओळखू आली, मग शब्द. बादली भरून वाहायला लागली तरी मला नळ बंद करायचं भान नव्हतं. बाया कौतुकानं माना डोलवत होत्या. पान ओलं, बोट कोरडं. आणि शेवटी ते नाव. आमच्याच वस्तीवर, आमच्याच वर्गणीच्या भोंग्यातून.

मांडवात जाऊन मी ती तबकडी काढा म्हणून सांगितलं. मंडळाचे भाऊ चांगले होते, मला मानायचे. त्यातले एक म्हणाले, "जाऊ दे ना बाई. आपल्याच लोकाईचं गाणं हाय, वाजू दे. नावाचं काय घेऊन बसली?"

हे सरांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. सरांपासून मी निघून आले होते. इथून कुठे जाऊ?

मी ओट्यावर चढून गायले. गणपतमामानं ढोलकी धरली. काहींनी ऐकलं. काही तबकडीच बरी म्हणाले, तिच्यात बाजा आहे. मी उतरले, पाहुणे आले, आणि त्यांच्या स्वागताला पुन्हा तबकडी लागली.

आज मी सरकारी कचेरीत कारकून आहे. रविवारी गाते. माझी तबकडी निघालेली नाही. सरांचं नाव मोठं आहे, त्या गाण्यासकट. बोलवायला येणाऱ्यांना मी आधीच सांगते, माझं नाव पुकारायचं, नावापुढे बी.ए. म्हणायचं आणि गाणं माझं आहे असं सांगायचं. मग काही जण पुन्हा येत नाहीत. घमेंडी आहे म्हणतात. आहे.

पण गाणं बांधायची रीत मी बदलली आहे. शेवटच्या कडव्यातलं नाव काढता येतं, हे मी शिकले. म्हणून आता मी नाव शेवटी ठेवत नाही. धृपदात घालते, अर्थाच्या मधोमध, असं की ते उपसलं तर ओळच उभी राहू नये. ज्याला माझं गाणं गायचं आहे त्याला दर कडव्यानंतर माझं नाव घ्यावं लागेल. भर सभेत. स्वतःच्या तोंडानं.

लाज वाटत असेल त्यानं गाऊ नये.