ताईच्या पर्समधला बँड

टेपकाका चिडले की चष्मे पुसतात. दुकानातले पुसतात, स्वतःचा पुसतात आणि अगदीच डोकं फिरलं तर समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावरचा काढून घेऊन पुसतात. त्या आठवड्यात दुकानातल्या काचा अशा लखलखत होत्या की मालकांनी घाबरून विचारलं, "कोणी तपासणीला येणार आहे का?"

"बहीण येणार आहे, रेडिओवर," टेपकाका म्हणाले.

"अरे वा! मग तर आनंदच."

टेपकाकांनी मालकांचा चष्मा काढून घेतला.

चष्म्याच्या फ्रेमी सरळ करणं, ढिले स्क्रू आवळणं, "हा घातला की मी शहाणी दिसते का?" असल्या प्रश्नांना गंभीर चेहऱ्याने उत्तर देणं, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. पण त्यांचा जीव असतो तो रविवार संध्याकाळच्या एका तासात. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एक छोटं रेडिओ केंद्र आहे. खाली कपडे वाळवायची यंत्रं घरघरतात, वर भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या आहेत, आणि त्या गाद्यांच्या मधोमध बसून टेपकाका आपला कार्यक्रम करतात. नाव, 'जसं झालं तसं'.

त्यात ते रॉक बँडच्या जाहीर कार्यक्रमांची चोरटी रेकॉर्डिंगं लावतात. म्हणजे कंपनीने काढलेली, धुऊन इस्त्री केलेली गाणी नाहीत. कुणीतरी गर्दीत बसून, पहारेकऱ्यांची नजर चुकवून, कोटाखाली यंत्र लपवून टेप केलेली. त्यात गायक सूर चुकतो, माइक किंचाळतो, मागचा माणूस शिंकतो, कुणाचं तरी पोर रडतं. "आणि हे सगळं आपण ऐकायचं!" टेपकाका घसा खाकरून सांगतात. "कापायचं नाही, पुसायचं नाही. त्या संध्याकाळी जसं झालं तसं!" एकदा एका श्रोत्याने बिचाऱ्याने प्रेमाने एक टेप पाठवली, मधला खोकला काढून. टेपकाकांनी त्याला रेडिओवरून असा झापला, की तो पुढे कित्येक दिवस खोकलाच नाही म्हणे.

त्यांच्याकडची निम्मी रेकॉर्डिंगं त्यांनी स्वतः केलेली. आणि इथे ताई येते.

त्या काळी कार्यक्रमाच्या दारावर पुरुषांचे खिसे, कोट, बगला सगळं चाचपून बघायचे, पण बायकांच्या पर्सला हात लावायचे नाहीत. टेप रेकॉर्डर होता विटेएवढा. तेव्हा मोठ्या बहिणीची मनधरणी करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. यंत्र ताईच्या पर्समध्ये, वायर तिच्या बाहीतून वर, आणि इवलासा माइक तिच्या कॉलरला, ब्रोचच्या मागे. योजना झकास होती. फक्त एक गोष्ट टेपकाकांच्या लक्षात आली नाही. बँड पार तिकडे स्टेजवर, आणि ताईचं तोंड माइकपासून चार बोटांवर.

त्यात ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला. दिवसभर "थांबा, जोडून देते" म्हणून म्हणून आवाज असा स्वच्छ झालेला, की कुजबुजली तरी शेवटच्या रांगेत पोचावं. त्यामुळे टेपकाकांच्या प्रत्येक दुर्मीळ रेकॉर्डिंगमध्ये बँड लांब कुठेतरी धडपडत असतो आणि ताई घरात बसल्यासारखी बोलत असते.

"अगं बाई, किती ओरडतोय हा. उद्या बोलता येईल का याला?"

"तो मागे ढोल बडवतोय ना, त्याला कुणी पाणी द्या रे. लाल झालाय नुसता."

"हेच गाणं मघाशी झालं ना? नाही? मग सारखंच का वाटतंय?"

टेपकाकांनी तत्त्व म्हणून तेही कापलं नाही. आणि झालं भलतंच. श्रोते ताईवर फिदा. फोन यायचे ते बँडबद्दल नाहीच. "काका, त्या मागच्या बाई आज कमी बोलल्या. बऱ्या आहेत ना?" एक आजोबा तर म्हणाले, "गाणी जरा बारीक करता येतील का? बाईंचं नीट ऐकू येत नाही." टेपकाकांनी फोन ठेवला आणि खाली जाऊन लाँड्रीवाल्याचा चष्मा पुसून आले.

पण सगळ्यात भक्त श्रोता म्हणजे भावोजी, ताईचे यजमान. भावोजी कुठलंही वाक्य "तसं काही नाही, पण" इथून सुरू करतात आणि मग इतका वेळ थांबतात की समोरच्याला वाटावं, लाइन कटली. ते दर रविवारी रेडिओला कान लावून बसतात. एकदा ते टेपकाकांना म्हणाले होते, "तसं काही नाही, पण... त्या धडाडधुममधलं मला काही कळत नाही. पण लग्नाआधी माझ्या माघारी ही कशी बोलायची, हे मी कधी ऐकलंच नव्हतं ना. आता ऐकतो. छान वाटतं."

आता मुद्द्यावर येऊ. टेपकाकांच्या लाडक्या बँडचा एक शेवटचा कार्यक्रम झाला होता. त्या संध्याकाळी त्यांच्या गिटारवाल्याने एकट्याने असं काही वाजवलं, की आख्खं मैदान गप्प झालं. दुसऱ्या दिवशी बँड फुटला आणि त्या माणसाने पुन्हा गिटारला हात लावला नाही. त्या वादनाची जगात एकच टेप, ती टेपकाकांकडे. पण तिची फीत आतल्या आत चिकटलेली. वर्षानुवर्षं ते तिला हात लावायला धजले नव्हते. यंदा त्यांनी हिंमत केली, चष्म्याच्या चिमट्याने ती फीत उलगडली, नव्या डबीत गुंडाळली आणि रेडिओवर घोषणा करून टाकली. लागोपाठ तीन रविवार तीच घोषणा! "कधीच न ऐकलेलं, शेवटचं, अखंड वादन!" ऐकायच्या आधीच घोषणा, कारण फीत एखाद्याच वेळी चालेल अशी भीती होती. मग तिसऱ्या रविवारनंतर त्यांनी ती संगणकावर उतरवून घेतली आणि हेडफोन लावून ऐकली.

मैदान गप्प. गिटार एकटीच चालली आहे, जपून, अंधारात जिना उतरावा तशी. आणि चार बोटांवरून ताई, शेजारच्या मैत्रिणीला:

"त्या उंच साहेबाने लग्नाचं विचारलं तर त्याला हो म्हणेन गं. नाहीच विचारलं, तर मग हा आहेच की. हा कुठे पळून जातोय? हा म्हणजे छत्री आहे. पाऊस आलाच तर असावी आपली बरोबर."

'हा' म्हणजे भावोजी. उंच साहेबाने विचारलं नव्हतं.

टेपकाकांनी तिथल्या तिथे ताईला फोन लावला.

"मी? असं म्हणाले? शक्यच नाही," ताई म्हणाली. मग जरा थांबून, "छत्री म्हणाले?"

"छत्री."

"मग म्हणालेच असेन. काप ते."

"कापणार नाही! मी आजवर शिंक कापलेली नाही!"

"अरे, ते रेडिओ मांडीवर घेऊन बसतात. तीन आठवडे झाले, कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय त्यांनी. माझा संसार मोठा की तुझी फीत?"

"फीत," टेपकाका म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांनाच कसंसं झालं.

"मग लावूच नकोस."

"तीन वेळा सांगून बसलोय मी!"

"कुणी सांगितलं होतं आधी बोलायला? घरात मी एकटीच आगाऊ आहे असं वाटायचं मला."

शेवटी तत्त्व गुंडाळून टेपकाका केंद्राच्या तंत्रज्ञाकडे गेले. या गृहस्थाला काहीही सांगा, तो डोळे मिटून "होऊन जाईल" म्हणतो. पंखा बिघडलाय, होऊन जाईल. छत गळतंय, होऊन जाईल. "माणसाचा आवाज काढून गिटार तेवढी ठेवता येईल का?" "होऊन जाईल." झालं असं, की ताईबरोबर निम्मी गिटारही गेली आणि उरलेली बादलीत बुडवून वाजवल्यासारखी यायला लागली. वर "गं" तेवढा राहिलाच. "बाकी निघालं की नाही?" तंत्रज्ञ अभिमानाने म्हणाला.

"याच्यापेक्षा मी तोंडाने वाजवतो," टेपकाका म्हणाले, आणि ते पुसून टाकलं. अखंड लावायचं किंवा अजिबात नाही. लावलं तर भावोजी ऐकणार. नाही लावलं तर ती गिटार त्यांच्याबरोबरच संपणार. आठवडाभर हेच चाललं होतं डोक्यात, आणि गिऱ्हाइकांची नाकं उघडी पडत होती.

रविवारी संध्याकाळी ते स्टुडिओत शिरले, तर पाहुण्यांच्या खुर्चीत ताई बसलेली. मांडीवर पर्स.

"तू इथे कशी?"

"जिन्याने. तुझ्या त्या तंत्रज्ञाला विचारलं, आत बसू का? तो म्हणाला, होऊन जाईल."

"हलायचं नाही. खुर्ची करकरते. बोलायचं तर नाहीच नाही. समोरचा माइक चालू असतो, त्याचं बटण मोडलंय."

"मी कशाला बोलू?" ताई म्हणाली, आणि तिने पर्स घट्ट धरली.

लाल दिवा लागला. टेपकाकांनी घसा खाकरला, त्या संध्याकाळबद्दल बोलले, मैदानाबद्दल, त्या माणसाबद्दल. मग त्यांनी टेप सोडली. आधी गर्दी, शिट्या, मग हळूहळू शांतता, आणि ती गिटार. टेपकाकांनी डोळे मिटले. ते सूर आता लाँड्रीच्या वरून सगळ्या घरांत चालले होते. किती वर्षं वाट पाहिली होती त्यांनी याची!

आणि मग टेपमधल्या ताईने श्वास घेतला. तो श्वास टेपकाकांना पाठ झाला होता. समोर बसलेल्या ताईलाही तो ओळखू आला असावा, कारण ती एकदम पुढे सरकली, खुर्ची करकरली, आणि तिने माइकला तोंड लावलं.

"नमस्कार! मी ती मागची बाई! ओळखलंत का? अहो, त्या दिवशी इतका उकाडा होता, आणि याने ते यंत्र माझ्या पर्समध्ये कोंबलेलं, माझा हात मोडायला आला होता, आणि हा आपला म्हणतो, ताई, हलू नकोस, ताई, श्वास घेऊ नकोस..."

टेपकाकांनी डोळे उघडले. जगातली एकमेव टेप. मैदान गप्प झालेलं ते एकमेव वादन. आणि त्यावर ताई. त्यांचा हात आपोआप समोरच्या फळ्यावरच्या, तिच्या माइकचा आवाज कमीजास्त करणाऱ्या पट्टीवर गेला. ती जरा खाली सरकवली की ताई गप्प. आणि तिच्याखालून टेपमधली ताई वर, अगदी स्वच्छ, "छत्री" म्हणताना.

ताईने तो हात पाहिला. ती बोलायची थांबली नाही, पण तिचा आवाज घाईघाईचा झाला. "...आणि बूट घातले होते मी नवे, ते चावत होते, आणि पुढे एक उंच, म्हणजे, एक बाई, टोपीवाली बाई..."

टेपकाकांनी पट्टी वर सरकवली. अगदी टोकापर्यंत.

ताईने मग बूट सांगितले, टोपी सांगितली, घरी जायला गाडी मिळाली नाही ते सांगितलं. ती दम घ्यायला थांबली तेव्हा गिटारचे शेवटचे चार सूर तेवढे राहिले होते. ते छान वाजले.

फोन खणखणायला लागले. एकाने शिव्या दिल्या. तिघांनी विचारलं, बाई दर आठवड्याला येणार का? मग भावोजींचा आला. "तसं काही नाही, पण..." लाँड्रीतलं एक यंत्र सुरू होऊन बंद पडलं. "हिला सांगा, येताना पाव आणायला. आणि... मजा आली."

लाल दिवा विझला. टेपकाका गादीच्या भिंतीला डोकं टेकून उभे राहिले.

"मला ऐकव ना ते," ताई म्हणाली. "मी तेव्हा बोलत होते, आत्ताही बोलत होते. पुरतं ऐकलंच नाही कधी."

टेपकाकांनी हेडफोन तिच्या कानांवर चढवले आणि टेप लावली. ताई ऐकू लागली. तोंड मिटून, चक्क. गिटार तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. मग तिचा तो जुना आवाज आला असणार, कारण तिच्या भुवया वर गेल्या, खांदे हलायला लागले, आणि ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"छत्री! अरे, किती बरोबर बोलले मी! छत्रीच निघाले की रे ते. एवढ्या वर्षांत एकदा भिजू दिलं नाही मला. थांब, आज जेवताना सांगते त्यांना."

टेपकाकांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "सांगणार? तू? स्वतः?"

"मग काय! इतकं चांगलं मला परत कधी सुचलंच नाही."

"अगं मग माझी गिटार का बुडवलीस!"

"ते रेडिओवर ऐकणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं. तुला नाही कळायचं." ताईने हेडफोन काढले. "आणि बुडवली कशी? पट्टी तुझ्या हाताखाली होती. तू का नाही बंद केलंस मला?"

याचं उत्तर टेपकाकांकडे होतं. पण ते ताईला सांगितलं असतं, तर तिने जेवताना तेही सांगितलं असतं.

"पावाचं दुकान बंद होईल," ते म्हणाले. "ऊठ."