गुणाजीचा बांध आणि पंतांचं बोट

माजिवड्याची सगुणा ही धवलारीण. आगऱ्यांची लग्नं ती लावायची, धवले गाऊन. आणि गाता गाता वरमाईच्या नाकापासून नवरदेवाच्या आळसापर्यंत सगळ्यांची सालटी काढायची. कुणी रागावत नसे. तिचा नेमच होता: ज्याच्यावर गायचं, तो समोर बसलेला हवा.

म्हणून ठाण्याच्या साप्ताहिकात 'माजिवड्याच्या गुणाजीने मिठागराचा बांध मुद्दाम फोडला' असं छापून आलं, आणि ते वाचून मालकाने तिच्या या भावाला सोमवारपर्यंत मिठागर सोडायला सांगितलं, तेव्हा ती तडक छापखान्यात गेली.

"पंत, ही बातमी कोनी दिली?"

"मालकाचा कारकून आनंदा, त्याने," हाताची शाई पुसत संपादक श्रीपादपंत म्हणाले.

"आनि गुणाजीला इचारलं?"

"ज्याने केलं त्यालाच विचारून छापायचं होय गं?"

"मी वरमाईला नकटी बोलते ती तिच्या तोंडावर. तुमी माझ्या भावाला पाठीमागं बोल्लाव. चला, त्याच्या दारात उभे राहून वाचा. नायतर उद्या मीच बायका घेऊन तुमच्या दारात गायला येते."

पंतांच्या डोळ्यांपुढे अख्खी ब्राह्मणआळी खिडक्या उघडून उभी राहिली. त्यांनी मुकाट्याने पगडी चढवली.

गुणाजीच्या घरी पाण्याचा तांब्या पुढे आला. पंत तांब्याकडे बघत बसले. सगुणाने हसू दाबत शहाळं सोललं. "घ्या. याला इटाळ नाय. फक्त कोयता लागलाय."

मग पंत वाचू लागले. समोर गुणाजी, कमरेवर हात ठेवून. 'मुद्दाम'पाशी पंत अडले. घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून निघाले, पुन्हा तिथेच अडले.

"आधी बांध बघू," ते म्हणाले.

बांधावर कुदळीचा घाव कुठेच नव्हता. होती ती नुसती भोकं. खात्री करायला पंतांनी एका भोकात बोट घातलं आणि विव्हळत बाहेर काढलं, ते खेकड्यासकट.

"इचारा त्याला," सगुणा म्हणाली, "मुद्दाम केलंस का म्हनून."

पुढच्या अंकात खेकड्याचं नाव छापलं गेलं, आणि गुणाजीचं मिठागर राहिलं. आनंदा नवी बातमी घेऊन आला, तेव्हा पंत पट्टी बांधलेलं बोट नाचवत म्हणाले, "छान. चल, ज्याची आहे त्याच्या दारात वाचू." आनंदाला एकदम कल्याणला काम निघालं.

गुणाजीच्या मुलीच्या लग्नात पंतांना अगदी पुढे बसवलं होतं. सगुणाने खेकड्याचाच धवला धरला. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या.

"अगं, निदान माझं नाव तरी घेऊ नकोस," पंत कुजबुजले.

"तुमी गुणाजीचं घेतलं व्हतं का नाय?" सगुणा म्हणाली, आणि तिने पुढचं कडवं उचललं.