टीबीवाल्या कवीचा तास

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचतो, पण खरं सांगू... वाचून झाले की चष्मा काढून निवांत झोपतो. आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, कधी नव्हता. माझ्या बाबतीत जे झालं त्यात भूत नाही, स्मशान नाही, रात्रसुद्धा नाही. भर दुपारची गोष्ट आहे. आणि ती सांगायचाही आता कंटाळा येतो, कारण ऐकणारा शेवटी "सर, तुम्ही थकला होतात" एवढंच म्हणतो. थकलो होतोच, ते कोण नाकारतंय?

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी दोंडाईच्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, राहायला धुळ्याला. रोजची एसटी, रोजची धूळ. टी.वाय.ला स्पेशल इंग्लिश घेणारी मुलं मोजकीच, बहुतेक आसपासच्या खेड्यांतली, घरी अहिराणी बोलणारी. शिकवायची पद्धत ठरलेली. आधी कवीचं 'लाइफ अँड वर्क्स' गाईडमधून डिक्टेट करायचं, मग कविता. एवढी नावं मुलांच्या लक्षात राहायची नाहीत, म्हणून त्यांनी कवींना त्यांच्या मरणावरून नावं पाडली होती. टीबीवाला, बुडालेला, लढाईत मेलेला. "सर, उद्या बुडालेला घेणार का?" सुरुवातीला मी चिडायचो. पुढे पुढे मीही तेच म्हणायला लागलो.

त्या वर्गात सुनंदा होती. कविता तासाआधी वाचून येणारी ती एकटीच. तिचा मोठा भाऊ दीपनगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता, तिथेच टीबीने गेला. तेव्हापासून घरात कुणी त्याचं नावही काढत नव्हतं. वडील गवंडीकाम करायचे, त्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी ठरवलं होतं की आता पोरीचं शिक्षण बस, लग्न उरकून टाकायचं.

"सर, नाना मला न्यायला येणारेत. तुम्ही बोलाल का त्यांच्याशी?" तिने विचारलं.

मी "बघू" म्हणालो. माझ्या 'बघू'त काही दम नाही, हे तिलाही कळत होतं.

त्याच आठवड्यात मला पेपर तपासायला जळगावला बोलावलं. तिथे एका हॉलमध्ये आम्ही दिवसभर गठ्ठे उपसत होतो. प्रत्येक पेपरात गाईडमधलं तेच वाक्य, त्याच चुकीसकट. शेजारी चाळीसगावचे एक प्राध्यापक होते, त्यांच्याशी मार्कांवरून वाद घालण्यात दुपार गेली. मी हॉलमधून चहापुरताच उठलो, तोही त्यांच्याबरोबर.

परत आलो, वर्गात गेलो, गाईड उघडलं. "घ्या लिहून, टीबीवाला."

कुणी पेन काढेना. सुनंदा म्हणाली, "सर, तो तर तुम्ही घेतलाय ना... नानांसमोर."

मग सगळ्यांनी मिळून सांगितलं. मी जळगावात होतो त्याच दुपारी म्हणे मी वर्गात आलो. हातात गाईड नाही. खुर्चीवर न बसता खिडकीशी उभा राहिलो आणि अहिराणीत बोलायला लागलो. अहिराणी माझ्या आईची भाषा, पण वर्गात मी तिचा एक शब्द कधी काढला नव्हता. आपल्या गल्लीतल्या पोराबद्दल बोलावं तसा मी त्या कवीबद्दल बोललो म्हणे. धाकट्या भावाची सेवा करता करता तोच आजार याला कसा लागला, हवापालटासाठी परमुलखात कसा पाठवला, भाड्याच्या खोलीत कसा गेला. आपलं नाव कुणाच्या लक्षात राहणार नाही, असं त्याला शेवटपर्यंत वाटत होतं...

नाना नेमके तेव्हा दाराशी आले. आत कुणाच्या तरी तरण्या पोराच्या मरणाचं चाललंय, पोरं माना खाली घालून बसलीत. आमच्याकडे कुणी गेलं की त्यांच्या 'दारावर' जातात. गप्प बसायचं, कसं झालं ते विचारायचं, आणि मधून उठायचं नाही. नानांना वाटलं हे तसंच काही आहे. त्यांनी टोपी काढली आणि मागच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने, कुणाचा पोरगा ते हळूच विचारलं, "कोना पोऱ्या व्हता, गुरुजी?"

वर्गात कुणी हसलं नाही. मी म्हणे म्हणालो, "कोनाबी राहो, नाना. बठा."

ते बसून राहिले. तास संपायच्या आधी आपल्या पोराबद्दल बोलायला लागले. तो कसा खोकायचा, दीपनगरला पोचायला त्यांना कसा उशीर झाला, सगळं. सुनंदा बापाचं असं बोलणं पहिल्यांदाच ऐकत होती. जाताना तिला म्हणाले, "तू शिक." आणि एकटेच गावी परत गेले.

मी जळगावात होतो म्हटल्यावर मुलांना आधी थट्टा वाटली. मग कॉलेजच्या शिपायाने त्या दुपारी मला चहा दिल्याची शपथ घेतली. चाळीसगावच्या सरांना विचारलं, तर ते वैतागून म्हणाले, "अहो, दिवसभर माझं डोकं कुणी खाल्लं मग?"

सुनंदा मागे लागली, नानांना सांगू नका. त्यांचा शब्द फिरला तर? तिची भीती खरी होती. पण न केलेल्या कामाचा मान घ्यायचा... मला ते झेपेना. आणि खोटं का बोलू, मला त्या माणसाचा हेवा वाटत होता. तोंड माझंच, आणि इतक्या वर्षांत मला जमलं नाही ते त्याने एका तासात केलं.

शिंदखेड्याला एका बांधकामावर नाना भेटले. मी सगळं सांगितलं. म्हणालो, "नाना, मी नव्हतो."

त्यांनी थापी खाली ठेवली. मग म्हणाले, "मंग जे कोन उनं व्हतं ना सर, त्याले सांगज्यात. मनी आंडेर शिकी."

जो कुणी आला होता त्याला सांगा, माझी लेक शिकेल.

सुनंदा शिकली, एम.ए. झाली. मी रिटायर झालो. हे कसं घडलं ते मला आजही सांगता येत नाही, आणि खरं तर डोकं लावायचंही त्राण उरलेलं नाही. फक्त नानांचा तो निरोप अजून माझ्याकडेच आहे. कुणाला द्यायचा, ते कळत नाही.